ठमीचा डावा खटका

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

डायरी गेल्या सालची. अशूच्या कारखान्यात उरल्ती. तारखा बरोबर, वार सगळे चुकलेले. मी खोडून नीट करते. कोरा कागद टाकवत नाही.

आज ठमीची पूजा. ठमी म्हंजे माझ्या नातीची, अशूची गाडी. घरी येऊन आठ दिवस झाले. लहानशी, गुबऱ्या गालाची, रंग वांग्याचा. कंपनीनं ठेवलेलं नाव मागं इंग्रजीत लिहिलंय. माझी चौथीची शाळा तिथवर पोचत नाही, म्हणून ठमी. अशूनं स्वतःच्या पगारातून घेतली. आमच्या घरात चार चाकं पहिल्यांदा आली.

अशूचा एकच नियम. मागं बसलं तरी पट्टा. "पट्टा नाही तर गाडी हलणार नाही आजी. देव नंतर, पट्टा आधी." मी म्हन्लं, असं असंल तर पट्ट्याचीच पूजा करू. चाकांखाली लिंबू, स्टेरिंगला झेंडूची माळ, अन् मागच्या पट्ट्याच्या खटक्याला हळदकुंकू, वर चार अक्षता. उजव्याच खटक्याला. ठमी तुळशीच्या कट्ट्याला चिकटून उभी, डावं दार उघडंना. उजव्या दारातून वाकले. डाव्या खटक्यासाठी आणखी वीतभर आत जायला पाहिजे होतं, गुडघा म्हन्ला बस. त्याला लांबूनच नमस्कार.

बाळू, माझा मुलगा, अशूचा बाप, हसायला लागला. "आई, पट्ट्याला कुणी कुंकू लावतं का?" मी म्हन्लं, तुझ्या बापाच्या स्कूटरवर चाळीस वर्षं एका अंगावर बसले. धरायला त्यांच्या शर्टाच्या खिशाशिवाय काही नव्हतं. खिसा दोनदा फाटला. पट्ट्याची किंमत मला विचार.

पुरणपोळ्या चार खाल्ल्या. हे लिहायचं नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार.

ठमीतून पहिली चक्कर. सिडकोतून हर्सूलच्या तळ्यापर्यंत. माझी जागा ठरली, मागं डावीकडं. पुढं बसलं की गुडघे आपटतात, अन् उतरताना फुटपाथ डावीकडंच येतो. खिडकी बटणानं खाली, बटणानं वर. चारदा केली. पाचव्यांदा अशू म्हन्ली पुरे.

परतीला मधेच टुंग टुंग टुंग. ठमी कोकलायला लागली. अशूनं आरशातून पाहिलं, "आजी, पट्टा का काढलास?" मी? मी कशाला काढू. मांडीवर मोकळा पडलेला. त्याआधी टिक असा आवाज आल्ता तेवढा. "तुझी पर्स अडकली असंल." असंल बाई. परत लावला.

८ ऑक्टोबर, बुधवार.

दवाखान्यात गेल्तो, गुडघा दाखवायला. गुडघा तोच, गोळी नवी. येताना सेव्हन हिलच्या पुलावर टिक. पट्टा उघडला. पर्स आज घेतलीच नव्हती.

१० ऑक्टोबर.

प. उ. — म्हंजे पट्टा उघडला. दर वेळी एवढं कोण लिहिणार. भाजी आणायला गेल्तो, स्पीडब्रेकरवर. मेथी छान मिळाली.

मला एक विचार शिवला. डाव्या खटक्याला कुंकू राहिलं म्हणून तो रुसला का काय? अशूला बोल्ले नाही. हसंल.

१२ ऑक्टोबर, रविवार.

नामाचा फोन. नामा माझा धाकटा भाऊ, अजिंठ्याला असतो. दर भाऊबीजेला तोच येतो इकडं, पण यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला एसटीची पायरी चढवत नाही, त्याला घराची उतरवत नाही. बहीणभाऊ दोघं गुडघ्यानं अडलेले.

अशू मधेच फोन घेऊन म्हन्ली, "मामाआजोबा, मी आणते आजीला. माझ्या गाडीतून."

नामा म्हन्ला, "आक्का, खरं का गं? पोरगी स्वतः चालवत?"

मी म्हन्लं, व्हय. गल्लीत सांगून ठेव सगळ्यांला.

लग्नात माहेरातून निघाले ती बैलगाडीत, मामा हाकत होता. आता नात हाकणार. आज दिवसभर काम सुचलं नाही. वरणात दोनदा मीठ पडलं, बाळू नुसतं पाणी प्याला.

पण अशू संध्याकाळी ठमीत मागं बसून डावा खटका लावत होती, सोडत होती. लावत होती, सोडत होती. ती बिडकीनकडच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. तिथं दिवसभर तुकडे तपासते. मला म्हन्ली, "आजी, इथं उभ्या उभ्या नाही उघडत. पण तीन वेळा म्हंजे सहज नाही."

१५ ऑक्टोबर, बुधवार.

लई वाईट दिवस. म्हंजे तसा नाही. पण आहे.

शोरूमला गेल्तो. काचेचं मोठं दुकान, आत थंडगार, चहा फुकट. अशू टेबलाशी कागद भरत होती. मी ठमीपाशी उभी, उजव्या दारात. तिथले टायवाले साहेब आले, बॅटरी घेऊन वाकले, चिमटा घातला अन् खटक्यातून एक दाणा बाहेर काढला. तांदूळ. कुंकवानं लाल झालेला.

"आजी, हे काय?"

मी पदर सावरत अक्षता म्हन्लं.

साहेब हसले. वाईट नव्हते हसले, पण दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. अशू आली तिला म्हन्ले, "मॅडम, बकलमध्ये तांदूळ गेलाय. त्यामुळं लॉक बसत नाही. हा गाडीचा फॉल्ट नाही." अन् तसं कागदावर लिहून दिलं. इंग्रजीत. अशूनं वाचून दाखवलं. ग्राहकाकडून बाहेरची वस्तू आत गेली.

ग्राहक म्हंजे अशू. वस्तू म्हंजे मी.

बाळू घरी म्हन्ला, "आई, मी सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं, हसला होता. पण पोरीची पहिली गाडी, अन् मी तिच्यात तांदूळ घालून ठेवला.

अशू म्हन्ली, "अगं निघाला ना दाणा? झालं. भाऊबीजेला जायचंय, साडी काढ."

काढली. मोरपंखी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

सकाळी आठला निघालो. ताटात निरांजन, सुपारी, करंज्यांचा डबा. मी मोरपंखी साडी, अशूनं ओढणी कमरेला बांधलेली. हर्सूल गेलं, सावंगी गेली. चौक्याचा घाट चढताना वळणावर टिक.

टुंग टुंग टुंग.

मी म्हन्लं, काही नाही, लावते परत. पण अशूनं गाडी कडेला घेतली होती. तिचं तोंड पांढरं. पलीकडनं ट्रक गेला तर ठमी नुसती हालली.

"आजी, याच वळणावर ब्रेक मारावा लागला असता तर?"

"मारला नाही ना?"

"तेच म्हणतीय मी. नशिबावर नाही न्यायची मला तुला."

उजवीकडं बसते म्हन्लं. "डावा असा निघाला तर उजवा कशावरून चांगला? खात्री होईपर्यंत तू या गाडीत हायवेला बसणार नाहीस."

परतलो. घरापर्यंत तीसच्या चालीनं. करंज्या तिनं अन् मी तुळशीच्या कट्ट्यावर बसून खाल्ल्या.

नामाला फोन केला. म्हन्ला, "आक्का, तुझ्यासाठी पाट मांडलाय. तू येशील तेव्हाच उचलीन."

"अरे घरात वाटंत येईल."

"येऊ दे. सून ठेचकाळली तरी नाही उचलायचा."

बाळू म्हन्ला, भाड्याची गाडी करू, उद्या नेतो. मी नाही म्हन्लं. गल्लीत सांगून झालंय, नात चालवत येणार. भाऊबीज तशी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते.

२५ ऑक्टोबर.

अशूनं शोरूमला फोन लावला. ते म्हन्ले, अजून एखादा दाणा आत असंल, अख्खा खटका बदलावा लागंल, अन् तांदूळ तुमचा म्हणून कंपनी देणार नाही.

अजून एक दाणा. मी चारच टाकल्या होत्या का सहा? आठवंना. आज तांदूळ निवडताना हात चालंना. संध्याकाळी खिचडी टाळून भाकरी केली.

३० ऑक्टोबर, गुरुवार.

माझं डोकं! माझं हे पांढरं डोकं!

दुपारी डायरी मागून वाचत बसले, दसऱ्याला पुरणपोळ्या खरंच चार का तीन ते बघायला. (चार.) तिथंच लिहिलंय. माझ्याच अक्षरात. उजव्याच खटक्याला अक्षता. डाव्याला लांबूनच नमस्कार.

अन् उघडतो डावा!

साहेबांनी दाणा काढला तो उजव्या खटक्यातून. मी उजव्या दारातच उभी होते, माझ्या नाकासमोर चिमटा गेला. लाजेनं माझं लक्षच नाही गेलं की बाबा, हा तो खटका नव्हेच. उजवा तर माझा दाणा पोटात घेऊन पक्का बसत होता. अन् डाव्यात एक अक्षत गेली नाही. त्याला तर कुंकूसुद्धा नाही.

अशू कारखान्यातून येईपर्यंत दारात उभी. तिनं बूट पण काढले नव्हते, पान पुढं धरलं. वाचलं. परत वाचलं. मग मला उचललं. खरंच उचललं, साठ किलोच्या बाईला. "आजी! आजी तू आमच्या डिपार्टमेंटला पाहिजेस!"

बाळू म्हन्ला, काय झालं, लॉटरी लागली का?

आज खिचडी. वर तूप.

१ नोव्हेंबर, शनिवार.

डायरी घेऊन शोरूमला. साडी साधी, पण इस्त्रीची.

टायवाल्या साहेबांनी पान वाचलं. म्हन्ले, "आजी, डायरीचा काही उपयोग नाही. हे बघा, मी ओढून दाखवतो." डावा खटका लावला, दणादणा ओढला. निघाला नाही. "बघितलं?"

मी म्हन्लं, साहेब, उभ्या गाडीत आमचाही निघत नाही. तुम्ही बसा. माझ्या जागेवर बसा. अशू चक्कर मारील.

त्यांला नाही म्हणता आलं नाही, दुकानात गिऱ्हाईक होतं. बसले. पट्टा लावला, दोन्ही हात मांडीवर, शहाण्या पोरासारखे. मी उजवीकडं. अशूनं मुद्दाम खराब रस्ता धरला. रस्ता शोधायला लांब जावं लागलं नाही.

पहिला स्पीडब्रेकर, काही नाही. साहेब माझ्याकडं बघून हसले. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला टिक.

टुंग टुंग टुंग.

साहेब म्हन्ले, "अरे!"

एवढंच. पट्टा मांडीवर घेऊन बसले, साप पडावा तसे. मला वाटलं होतं आपण लई हसू. पण त्यांचं तोंड बघून हसू आलं नाही. उतरताना हळूच म्हन्ले, "आजी, माझ्या मुलीला पण हीच गाडी घेऊन दिलीय." मग म्हन्ले वर कळवतो.

तांदळाचा कागद मात्र तसाच. तो बदलायचा अधिकार त्यांला नाही म्हणे.

५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा.

वरून काही आलं नाही. नामाला म्हन्लं भाऊबीज चंपाषष्ठीपर्यंत चालते. तो म्हन्ला, "कुठल्या पोथीत?" माझ्या.

९ नोव्हेंबर.

शहागंजला बांगड्या घ्यायला. बाळूच्या मोटारसायकलवर. सलीमभाईंच्या दुकानासमोर ठमी उभी! पांढरी. सलीमभाईंकडून मी तीस वर्षं काकणं भरते, त्यांला हात दाखवला की माप विचारत नाहीत.

म्हन्लं, सलीमभाई, ही ठमी तुमची?

"ठमी कौन? ये गाडी? हौ अम्मा, मेरीच है. बेटी चलाती."

"तुम्ही कुठं बसता?"

"पीछे. आगे बेगम बैठती. आप जानते, अम्मा, आगे मेरेकू कब मिला."

"डावीकडं?"

"हौ."

"पट्टा उघडतो का?"

सलीमभाईंनी इकडं तिकडं पाहिलं. बांगड्यांचा खोका खाली ठेवला. आवाज बारीक केला. "अम्मा, किसीकू बोलना नक्को. तीन बार खुला. घर में सब बोले, अब्बा, आप का पेट. बेटी हसी, बेगम हसी. मैं दो महिने से एकच रोटी खारा. नान कलिया छोड दिया अम्मा. नान कलिया!"

त्यांचा जीव त्या मटणाच्या रश्श्यात. मी काउंटर धरून हसले. डोळ्यांतनं पाणी. सलीमभाई रागावले आधी. मग मी तांदळाचं सांगितलं. मग ते हसले, एवढे हसले की बांगड्या किणकिणायला लागल्या. म्हन्ले, "मतलब आप का चावल भी नही, मेरा पेट भी नही?"

नाही सलीमभाई. खटका.

हिरव्या दोन डझन घेतल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार.

अशूला सांगितलं. तिनं कॉम्प्युटर उघडला. गाडीत खोट असली तर सरकारकडं तक्रार लिहायची सोय असते म्हणे. किती जणांनी लिहिलं ते बघतात, मग कंपनीला विचारतात. मी म्हन्लं, बाई, आपला खटका बदलून मिळाला की झालं, सरकार कशाला. ती म्हन्ली, "आमच्याकडं एक तुकडा वाईट निघाला तर आम्ही अख्खी पेटी परत मागवतो आजी. आपला बदलला अन् सलीमचाचांचा तसाच राहिला तर? त्या साहेबांच्या मुलीचा?"

ती विचारत गेली, मी डायरीतून सांगत गेले.

किती वेळा? पाच. कुठं? हर्सूल, पूल, मेथी आणली तो स्पीडब्रेकर, चौक्याचा घाट, साहेब. मेथीचं लिहू नको म्हन्ली. चाल किती होती? ते मला काय ठाऊक. घाटात हळू, पुलावर लई.

दसऱ्याच्या पानाचा अन् पट्टा उघडला त्या पानांचे फोटो काढले. मी म्हन्लं, अगं त्यात चार पुरणपोळ्या आहेत! सरकार वाचंल! "वाचू दे." मी पदर तोंडाला लावला. चौथी शिकलेल्या बाईची वही, खोडलेल्या वारांची.

सलीमभाईंच्या मुलीनंही त्यांची तक्रार घातली. पोटाचं लिहिलं नाही.

२६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी.

काही नाही. वांग्याचं भरीत, रोडगे. नामाची सून पाटाला खरंच ठेचकाळली. फोनवर म्हन्ली, "आत्याबाई, लवकर या, माझी करंगळी काळी झालीय." मी म्हन्लं उचल गं तो पाट. "मामंजी हात लावू देत नाहीत. दुपारी त्यावर पेपर ठेवून वाचतात."

भाऊबीज आता संक्रांतीपर्यंत.

४ डिसेंबर.

सरकारकडून अशूला फोन आला. बाई होती, शांतपणे बोल्ली म्हणे. विचारत होती, डायरीत पुढं "प. उ." लिहिलंय ते काय? अशूनं सांगितलं. बाई म्हन्ली, आजींना सांगा लिहीत राहा.

मला सांगा म्हन्ली! दिल्लीची बाई! दोनदा परत सांगायला लावलं अशूला. बाळूलाही सांगितलं. भाजीवालीलाही.

११ डिसेंबर, गुरुवार.

आला! निरोप आला! अशूच्या फोनवर, कंपनीकडून. तिनं मराठीत करून सांगितला. अमुक महिन्यात बनलेल्या या गाड्या आम्ही स्वेच्छेनं परत बोलवत आहोत. मागच्या पट्ट्याचा खटका खबरदारी म्हणून बदलून देऊ. त्रासाबद्दल काहीतरी.

"याला रिकॉल म्हणतात आजी."

"चुकलं असं कुठं लिहिलंय?"

"खबरदारी म्हंजेच चुकलं. कंपनीच्या भाषेत."

"अन् स्वेच्छेनं?"

अशू हसली नुसती. आपल्या तक्रारीमुळं झालं का आणखी कुणाच्या, ते कळायला मार्ग नाही म्हणे. देशभर कितीतरी लोकांनी लिहिलं असंल. असू दे. कुठल्या तरी गावात आणखी एखादी म्हातारी वही घेऊन बसली असंल, तिचंही भलं होवो.

आपल्या ठमीचा नंबर यादीत आहे. सलीमभाईंचाही. त्यांला फोन केला तर मागून भांड्यांचा आवाज. "अम्मा, बाद में. दस्तरखान बिछा है." जेवण मांडलेलं. नान कलिया! मी विचारलं सुद्धा नाही, आवाजावरूनच कळलं.

२० डिसेंबर.

पार्ट आला नाही.

२९ डिसेंबर.

पार्ट आला नाही. यादीतल्या सगळ्या ठम्या एकदम रांगेत. बाळू म्हन्ला, आई, एवढा एक चिमटीभर खटका. मी म्हन्लं तुला काय माहीत, तुझ्या आजाच्या सदऱ्याची गुंडी यायलासुद्धा आठ दिवस लागले होते.

डायरी संपत आली. मागं नाव-पत्ता लिहायची पानं आहेत, आता त्यावर. माझ्या ओळखीचे एवढे लोक कुठं आहेत.

१४ जानेवारी. संक्रांत. (नाव-पत्ता, पान एक)

शोरूमला तिळगूळ घेऊन गेले. टायवाल्या साहेबांना दिला. हलवा पिशवीतच ठेवला, दाणे सांडायला नकोत, परत कागद लिहितील. त्यांनी हात जोडले. म्हन्ले पार्ट मंगळवारी येतोय, पहिला नंबर तुमचा.

मी हळूच विचारलं, साहेब, तो तांदळाचा कागद बदलता येईल का?

"आजी, ते सिस्टीममध्ये बंद झालंय. आता उघडत नाही."

म्हन्लं, बघा. पट्टा उघडतो, कागद उघडत नाही.

साहेब हसले. मग म्हन्ले, "मी तुमच्या बाजूनं चिठ्ठी जोडलीय. वर काय करतात बघू." चिठ्ठी जोडली म्हन्ले. खोटं बोलणारा माणूस नाही वाटला. मुलीच्या ठमीचा पार्टही त्याच पेटीत येतोय म्हणे.

२० जानेवारी, मंगळवार.

मागचे सगळे खटके नवे! डावा, उजवा, मधला. अर्धा तास लागला. अर्ध्या तासासाठी दसऱ्यापासून.

जुना डावा मला द्या म्हन्लं. देता येत नाही, कंपनीला परत जातो. हातात तरी द्या. दिला. केवढासा. आत एक बारीक स्प्रिंग, माझ्या जुन्या टिकलीच्या डबीला असते तशी. हा एवढा. याच्यासाठी नामाच्या सुनेची करंगळी.

जुना उजवाही हातात घेतला. हलवला. खुळ्ळ वाजलं. माझा एक दाणा अजून आत होता. साहेबांना दिसू न देता कपाळाला लावला अन् परत दिला.

अशूनं एकेक खटका वीस वीस वेळा ओढला. मग खराब रस्त्यावर दोन चकरा. टिक नाही, टुंग नाही. तेव्हा म्हन्ली, "रविवारी निघायचं."

रविवारी रथसप्तमी. भाऊबीज रथसप्तमीपर्यंत चालते. आमच्या घरात तरी.

२५ जानेवारी, रविवार. रथसप्तमी. (नाव-पत्ता, शेवटचं पान)

गाडीत लिहितीय. अशू म्हन्ली अक्षर बिघडंल. बिघडू दे.

निघताना ठमीची पूजा. कुंकू बोनेटला लावलं, फूल वर ठेवलं, अक्षता घरातच देवापुढं. मागच्या खटक्यांना नुसता हात लावला. डाव्याला आधी. त्याचं दसऱ्याचं राहिलं होतं.

हर्सूल. प. बंद.

चौक्याचा घाट. तेच वळण. अशू आरशात माझ्याकडं, मी खटक्याकडं. प. बंद.

फुलंब्री. चहा. प. मी स्वतः सोडला, स्वतः लावला.

सिल्लोडच्या अलीकडं टिक! अशूनं गच्च ब्रेक मारून गाडी कडेला घेतली. पट्ट्यानं मला छातीशी धरून ठेवलं, हललेसुद्धा नाही. करंज्यांचा डबा मात्र पुढच्या सीटखाली. टिक कशाचा? माझ्या चष्म्याच्या डबीचा. बंद केली होती मी. अशूनं स्टेरिंगवर डोकं टेकवलं अन् हसत राहिली, मग थोडी रडली, मग म्हन्ली, "आजी, चष्मा घालूनच बस." घातलाय.

नामाचा फोन. "आक्का, कुठवर आलीस?"

गोळेगाव दिसतंय.

"गल्लीतले सगळे ओट्यावर येऊन बसलेत. पाट पुसलाय."

तांदळाच्या कागदाचं अजून काही कळलं नाही. अशू म्हन्ली पाठपुरावा करू. करू.

खटका नवा आहे, वीस वेळा ओढलाय, घाट चढून आलाय. मघाशी त्यानं मला धरलं ते पण खरं. तरी माझा डावा हात त्याच्यावरच आहे, अन् डायरी मांडीवर सरकतीय, म्हणून ओळी अशा वाकड्या. अशू म्हणतीय, हात काढ आता आजी.

काढते. अजिंठा येऊ दे.